दोन पायांचे दोन आवाज

माझ्या लेकीच्या पायांतले पैंजण एकसारखे नव्हते. डाव्या पायात जाड घुंगरं, खुळखुळ वाजणारी, आणि उजव्या पायात बारीक, छुनछुन करणारी. नांदेडच्या सराफ्यात मी असा जोड मागितला तेव्हा दुकानदार म्हणाला, "ताई, जोड असा नसतो हो. लोक हसतील." मी म्हणाले, "हसू द्या की. लोकांनी बघावेत म्हणून घेत नाही, मला ऐकू यावेत म्हणून घेते." तरी त्यानं बिचाऱ्यानं करायच्या आधी पुन्हा एकदा विचारून घेतलंच.

मी जन्मापासून आंधळी. नवराही आंधळाच. माझ्यासमोर कोणाची जीभ 'दिव्यांग' की काय म्हणावं म्हणून अडखळायला लागली की मीच सांगते, आंधळी म्हणा हो, मला काही काटा टोचत नाही. नवरा बँकेत, मी सरकारी कचेरीत. दोघांचे कॉम्प्युटर बोलतात, फोन बोलतात, घरातलं थर्मामीटर बोलतं, वजनकाटा बोलतो. आमच्याकडं आलेला एक पाहुणा म्हणाला होता, तुमच्या घरात माणसांपेक्षा सामानच जास्त बोलतं. खरंच होतं ते. पण पावणेदोन वर्षांचं लेकरू अजून नीट बोलत नाही, आणि गप्प असतं तेव्हाच काहीतरी उद्योग करत असतं. हे डोळस आयांनाही विचारा.

म्हणून पैंजण. खुळखुळ, छुनछुन, खुळखुळ, छुनछुन असं आलं की पोरगी चालतेय. नुसतं छुनछुन छुनछुन आलं की बसून एक पाय आपटतेय, म्हणजे काहीतरी हवंय. दोन्ही एकदम वाजले की उडी. आणि दोन्ही बंद झाले की मी हातातलं टाकून उठायची आणि तिच्या तोंडात बोट घालायची, कारण तिनं नक्की जमिनीवरचं काहीतरी तोंडात टाकलेलं असायचं. शिवाय नवऱ्यानं ऑनलाइन एक टिकली मागवली होती. चावीला लावतात ना, फोनवरून दाबलं की पीप पीप वाजते, तसली. ती मी तिच्या फ्रॉकच्या आत पाठीला छोटा खिसा शिवून ठेवायची. मी म्हणाले होते, पोरगी काय चावी आहे का? तो म्हणाला, चावीपेक्षा लवकर हरवते.

असं आमचं बरं चाललं होतं. दादानं लातूरला घर बांधलं आणि घरभरणीच्या कार्यक्रमाचं बोलावणं करायला मायचा फोन आला. बोलणं संपता संपता माय म्हणाली, "येताना पोरीचे सगळे कपडे घेऊन ये."

"सगळे कशाला?"

"राहू दे तिला इथं. शाळेत जायची होईपर्यंत. तुम्हा दोघांला दिसत न्हाई, मला रातच्याला झोप लागत न्हाई गं. आज गॅस, उद्या बादली. इथं मी हाय, दादा हाय. तुझ्या वहिनीला बी बरं वाटंल."

वहिनीच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मूलबाळ नव्हतं. म्हणजे सगळ्यांनी बसून ठरवलं होतं. माझं डोकंच फिरलं. "माय, पोरगी माझी हाय. उसनी आणलेली न्हाई," एवढं बोलून मी फोन ठेवला. पण दादाचं घर म्हणजे आमच्या सगळ्यांच्याच जन्मातलं पहिलं पक्कं घर. जाणं भाग होतं. मी मुद्दाम पोरीचे दोनच जोड पिशवीत घातले.

एसटीत लोह्याच्या पुढं शेजारच्या बाईनं विचारलं, "सोबत कोणी न्हाई का?"

"आम्ही दोघं आहोत की."

"न्हाई, म्हंजी बघणारं कोणी?"

एरवी मी चार शब्द सुनावले असते. त्या दिवशी नुसतं पोरीला घट्ट धरून बसले. लातूर येईपर्यंत मायला काय सांगायचं तेच मनात घोळवत होते. आपल्याच माणसांशी भांडायचं असलं की असंच होतं, परक्याशी भांडायला काय लागतं.

लातूरला पोचल्यावर मी दादाला म्हणाले, घर दाखव. तो बिचारा हौसेनं फरशीचा रंग सांगायला लागला, छताला काय नक्षी केलीय ते सांगायला लागला. मी म्हणाले, "दादा, रंग राहू दे. जिना कुठं, कठडा हाय का, हौद कुठं?" लातुरात घराला एकवेळ खिडकी नसेल, पण दारात जमिनीखाली हौद असतोच. आठ-आठ दिवस नळाला पाणी नसतं, ते साठवणार कुठं? दादानं मला तिथं नेलं. दाराच्या उजवीकडं, भिंतीला लागून. मी काठी आपटली. लोखंडी झाकण होतं, आणि खाली खोल. "झाकण जड हाय, तिला काय हलतंय? फिकीर करू नको," दादा म्हणाला.

मग वहिनीनं माझा हात धरून मला आतल्या खोलीत नेलं. "ताई, ही खोली बघा," म्हणाली, आणि माझा हात एका छोट्या पलंगावर ठेवला. लेकराचा पलंग. नव्या गादीवरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा अजून पुरता निघाला नव्हता. एका बाजूला कठडा होता, दुसऱ्या बाजूचा बसवायचा राहिला होता. "सुतार उद्या येतो म्हणाला," वहिनी म्हणाली. तिच्या आवाजात इतका आनंद होता की मला तिचा राग आला आणि रडूही आलं. मनात म्हणाले, कार्यक्रम होऊ दे, मग सगळ्यांसमोर एकदाच बोलते.

कार्यक्रमाला सगळ्यांनी पांढरं घालायचं होतं. वहिनीनं पोरीला पांढरा फ्रॉक आणला होता. "मामीनं आणलेला हाय, मीच घालते," म्हणून तिला उचलून घेऊन गेली. मी साडी नेसायला गेले. पलीकडच्या खोलीतून खुळखुळ, छुनछुन ऐकू येत होतं, त्यामुळं मी निवांत होते.

भन्तेजी आले. नवरा पुरुषांत पुढं बसला, मी बायकांत मागं. त्रिशरण झालं, पंचशील झालं आणि भन्तेजींनी सुत्त म्हणायला सुरुवात केली. सगळे हात जोडून गप्प, आणि त्या शांततेत माझी लेक खुळखुळ करत माणसांमधून हिंडतेय. कोणीतरी हसलं. कोणीतरी "शूऽ" केलं. मी उठणार तेवढ्यात पैंजण थांबले आणि वहिनी माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "ताई, बसा तुम्ही. माझ्यापाशी हाय ती, पेंगाया लागली." मी पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. खरंच पेंगत होती. मी पुन्हा हात जोडले.

शेवटचं साधु साधु झालं आणि जेवणाची गडबड सुरू झाली. पुरुषांची पंगत गच्चीवर होती, नवरा वर गेला. बायका खाली. मी भात-वरणाचं ताट हातात घेतलं होतं, तेवढ्यात फाटकातून शेजारणीची आरोळी आली, "पाणी आलंऽऽ!"

ज्यानं लातुरात दिवस काढले नाहीत त्याला हे कळणार नाही. ताटं खाली ठेवली गेली. पाहुणे, यजमान, नवी साडी, जुनी साडी, कोणी काही पाहिलं नाही. आज पाण्याचा वार नव्हता, पाणी अवचित आलं होतं, आणि घर पाहुण्यांनी भरलेलं. दादा गच्चीवरून धडधडत खाली आला. नळाला मोटार लावली, पाइप ओढला, हौदाचं झाकण उचलून भिंतीला टेकवल्याचा ठण्ण आवाज मी स्वतः ऐकला. माय घागर घेऊन पळाली. वहिनीचा आवाज अंगणातून येत होता, "तो पिंप बी घ्या, तो मोठा!" मोटारीची घरघर अशी की शेजारचं माणूस काय बोलतंय ते कळेना.

तेव्हा मला वाटलं, वहिनी बाहेर आहे, तर पोरगी कोणापाशी आहे?

"वहिनी, पोरगी कुठंय?"

"आत झोपवली, पलंगावर!"

मी भिंत धरून आत गेले. पलंग सापडला. चादर सापडली. गरम होती. पोरगी नव्हती. मी कठडा नसलेल्या बाजूनं खाली हात फिरवला, पलंगाखाली फिरवला. हाक मारली. पैंजण वाजले नाहीत. मी श्वास रोखून उभी राहिले. माझी पोरगी जागी आणि हाक मारूनही पैंजणांचा आवाज नाही, असं होतच नव्हतं. मोटार, बायकांचा कालवा, भांडी, आणि त्यात माझं काहीच नाही.

फोन काढला. घाईत बोट भलतीकडं पडलं आणि फोन भलतंच वाचून दाखवायला लागला, आलेले मेसेज, तापमान. शेवटी ते बटण सापडलं, मी दाबलं आणि त्याच खोलीत पीप पीप वाजलं. जिवात जीव आला. "अगं लबाडे," म्हणत मी त्या कोपऱ्याकडं झेपावले आणि माझे हात पिशवीत गेले. आमचीच पिशवी. आत तिचा प्रवासातला फ्रॉक नीट घडी घालून ठेवलेला, आणि त्याच्या पाठीतल्या खिशात ती टिकली वाजत होती.

मी ओरडतच बैठकीत आले. "पोरगी कोणी घेतली का? अहो, पोरगी कोणी घेतलीय का?"

"आत्ता तर इथंच होती की."

"आजीपाशी असंल."

"वर नेली असंल कोणी, जाते कुठं?"

एक मावशी म्हणाली, "तू बस गं, तुला काय दिसणार हाय? आम्ही बघतो." आणि ही बघणारी माणसं तिथंच उभी राहून एकमेकींना विचारत होती. ह्या एवढ्या डोळ्यांतला एक डोळा माझ्या लेकरावर नव्हता. प्रत्येकीला वाटत होतं, दुसरी बघतेय.

मी काठी शोधायच्या भानगडीत पडलेच नाही. तशीच दारात आले आणि ओरडले, "दादा, मोटार बंद कर!"

"काय?"

"मोटार! बंद कर!"

"अगं, पाणी जाईल! थोडाच वेळ येतं! काय झालं?"

"पोरगी सापडंना! बंद कर म्हणते ना!"

"आतच असंल, बघा की नीट..."

तेवढ्यात जिन्यावरून माझ्या नवऱ्याचा आवाज आला. हा माणूस घरात कधी आवाज चढवत नाही, मी भांडले तरी चढवत नाही. "बंद करा ती मोटार!" असा ओरडला की सगळं अंगण हबकलं. मोटार बंद झाली.

"कोणी हलू नका," मी म्हणाले. "कोणी बोलू नका. एकानंही नाही."

पाइपातून पाणी ठिबकत होतं. गल्लीत दुसऱ्यांच्या मोटारी चालूच होत्या. मी डोकं फिरवत राहिले, डावीकडं, उजवीकडं. आणि मग ऐकलं. "आऽऽ." बारीक, तिचं. आणि लगेच त्याच्यामागून तसंच दुसरं "आऽऽ", जाड, घुमलेलं, जमिनीच्या खालून आलेलं.

ती हौदाच्या तोंडाशी होती. भिंतीला टेकवलेल्या झाकणाच्या आड. आत वाकून आवाज देत होती आणि परत आलेला आवाज ऐकत होती.

मागं वहिनीच्या तोंडून "अगं बाई गं" निघालं आणि कोणीतरी धावायला पाऊल उचललं. मी दोन्ही हात पसरले. "थांबा! ओरडू नका. तिला हाक मारली की ती पळते." हा तिचा खेळच होता. मी नाव घेतलं की ती खिदळून धूम ठोकायची, कुठंही. आणि आता पळायला एका बाजूला भिंत, एका बाजूला झाकण आणि पुढ्यात भरत आलेला हौद. दादा फाटकापाशी, मोटारीजवळ. मी दारात, त्याच्यापेक्षा जवळ.

मी खाली बसले. हात पुढं केला तर पाइप लागला. मोटारीपासून हौदात गेलेला पाइप. तो धरून मी गुडघ्यांवर सरकायला लागले. चिखल झाला होता, साडी पायात येत होती. ती एक क्षण गप्प झाली आणि मी जागीच थांबले. मग मला सुचलं ते मी केलं. मीच हळू आवाज दिला. "आऽऽ."

तिकडून खुशीत आलं, "आऽऽ."

मी पुन्हा, "आऽऽ."

"आऽऽऽ!"

सगळं अंगण श्वास धरून उभं, आणि आम्ही दोघी मायलेकी आपल्या एकमेकींना आवाज देतोय. पाइप एका जागी वाकून खाली गेला. माझ्या बोटांना सिमेंटचा ओला काठ लागला. काठावरून मी हात सरकवला, आणि एक इवलंसं पाऊल लागलं. उघडं, थंड, ओलं. तिचं पोट काठावर होतं आणि डोकं आत. मी ते पाऊल धरलं, वर घोटा धरला, आणि ओढलं. खेळ मोडला म्हणून तिनं असा भोंगा पसरला की गल्ली गोळा झाली. मी तिला छातीशी धरून तिथंच चिखलात बसले. दादानं धावत येऊन झाकण आपटलं.

रडारड झाली. नवरा भिंत चाचपत आला आणि तिच्या डोक्यापासून पायापर्यंत हात फिरवत बसला, पुन्हा पुन्हा. आणि मायनं तोंड उघडलं. "बघ! हेच म्हणत होते मी! आज इतकी माणसं होती म्हणून वाचली. नांदेडला तुम्ही दोघंच असता तर?"

मी हसले की रडले, मला माहीत नाही. "माय, नांदेडला तिच्या पायात पैंजण असते. इथं कोणी काढले?"

मग अगदी जवळून वहिनी म्हणाली, "मी."

"का?"

"भन्तेजी सुत्त म्हणत होते. लई वाजत होते. लोक बघाया लागले." तिला नीट बोलता येत नव्हतं. "मला वाटलं, दागिनाच तर हाय. पर्समध्ये ठेवले. मी होते की तिच्यापाशी, मी बघतच होते, ताई."

"मग?"

"पाणी आलं."

लातूरच्या बाईला ह्यापुढं काही सांगायचं उरत नाही. माझे डोळे तिनं काढून पर्समध्ये ठेवले होते, असं मी म्हणणार होते. सकाळपासून तिच्यासाठी जमवून ठेवलेलं सगळं बोलणार होते. तोंडाशी आलंही होतं.

दादा मध्ये पडला. "जाऊ दे आता. झालं ते झालं. कोणाच्या बी हातून होतं. पण माय म्हणते त्याचा विचार करा. उद्या सुतार येईल, हौदाला बी कुलूप लावतो. पोरगी राहू दे इथं. तुझी वहिनी जिवापाड सांभाळंल."

"नको," वहिनी म्हणाली.

"काय नको?"

"मला नको पोरगी. माझ्याच्यानं होत न्हाई. ज्याची त्याला देऊन टाका. मला काय लेकराची हौस न्हाई." ती हे सगळ्यांसमोर, सासूसमोर, मोठ्यानं म्हणाली. वहिनीचा आवाज मी तिच्या लग्नापासून ओळखते. एवढं धडधडीत खोटं मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

माय काहीतरी पुटपुटली. कोणी मोटार लावली नाही. बाहेर नळ केव्हा गेला तेही कोणी पाहिलं नाही.

मी उठले. साडी चिखलानं जड झाली होती, अंगाला थंडी वाजत होती. पोरगी खांद्यावर हुंदके देत होती. मी वहिनीच्या आवाजाच्या दिशेनं दोन पावलं गेले आणि म्हणाले, "वहिनी, हिला धर. मला साडी बदलायचीय."

तिचे हात आले नाहीत. "ताई, मी... आईंपाशी द्या."

"तू धर."

मग बांगड्या वाजल्या आणि तिचे हात माझ्या हातांना लागले. गार पडले होते. तिनं पोरीला काखेत धरलं आणि माझ्या खांद्यावरचं वजन गेलं.

मी खोलीत गेले, दार लावलं, कडी घातली आणि साडी सोडली. बाहेरून पोरीचा काहीच आवाज येत नव्हता. मी दार उघडलं नाही.